मागाची खटखट चालते, मग मिक्सर का चालत नाही? ऑटिझम असलेल्या मुलाला जग कसं जाणवतं

प्रश्न इचलकरंजीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा, की मुलगा ५ वर्षांचा, ऑटिझमचं निदान होऊन दीड वर्ष झालं. घराला लागूनच माग आहेत, दिवसरात्र खटखट चालू, त्यात तो गाढ झोपतो, उलट लाईट जाऊन माग बंद पडले की दचकून उठतो. पण मिक्सर लावला की कान दाबून किंचाळत पळतो. आणि स्वतः तासन् तास स्टीलची झाकणं फरशीवर फिरवत बसतो, त्या आवाजाचं काही नाही. हाक मारली तर बघत नाही पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की हजर. दिराच्या लग्नात हॉलमध्ये एवढा रडला की उचलून बाहेर न्यावं लागलं, सासूबाई म्हणतात लाडावलाय, सोंग करतो. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे. शेवटी त्यांनी विचारलंय, "त्याला आतून नक्की काय होतं ते कोणीतरी सांगा."

ताई, मी ओटी आहे म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजच्या गोष्टी करायला जमाव्यात म्हणून मदत करणारी, १९ वर्षं याच मुलांबरोबर काम करतेय. तुमच्या मुलाला मी बघितलेलं नाही त्यामुळे त्याच्याबद्दल ठामपणे काही सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ना ते इतकं नीट बघून लिहिलंय की अर्धं उत्तर त्यातच आहे.

आधी ते सोंगाचं बोलूया. सोंग नाहीये ते. सोंग करायला समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घ्यावा लागतो, आपण रडलो की आई विरघळेल, आजी ओरडेल, मग हवं ते मिळेल, असं सगळं गणित मांडावं लागतं. हॉलमध्ये तुमच्या मुलाकडे गणित मांडायला जागाच उरलेली नव्हती, तो पूर्ण भरलेला होता.

भरलेला म्हणजे काय ते सांगते. आत्ता तुम्ही हे वाचताय तर वरती पंखा फिरतोय, मनगटावर बांगड्या आहेत, पाठीला भिंत नाहीतर खुर्ची टेकलीय, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत असेल, माग तर चालूच आहेत. मी सांगेपर्यंत यातलं काहीच तुम्हाला जाणवत नव्हतं. मेंदूने ते परस्पर बाजूला टाकलं होतं, तुम्हाला न विचारता. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांमध्ये ही बाजूला टाकायची यंत्रणा वेगळ्या तऱ्हेने चालते. काही गोष्टी आपल्यापेक्षा कितीतरी जोरात आत येतात आणि काही इतक्या हळू येतात की पोचतच नाहीत, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच मुलात असू शकतं. ज्याला शर्टच्या मागचं लेबल टोचून टोचून रडू येतं तोच पोरगा गुडघा फुटून रक्त आलं तरी खेळत राहतो. मग घरातले म्हणतात, बघा, खरं लागतं तेव्हा रडत नाही आणि लेबलासाठी रडतो, म्हणजे नाटकंच. तसं नाहीये हो. त्याला लेबल खरंच टोचतं आणि गुडघा खरंच तेवढा दुखत नाही.

आता माग आणि मिक्सर. मागाची खटखट एका ठेक्यात आहे, काल होती, आज आहे, पुढचा ठोका कधी येणार ते त्याला माहीत आहे, त्याच्यासाठी ती भिंतीसारखी आहे, कायम असणारी. म्हणून तर लाईट गेली की तो उठतो, कारण भिंतच गायब झाली ना. मिक्सर मात्र कधी सुरू होईल माहीत नाही, किती वेळ चालेल माहीत नाही, मध्येच थांबतो आणि परत घर्रर्र होतो, खोबरं असलं तर वेगळा आवाज, डाळ असली तर वेगळा. आणि झाकण तो स्वतः फिरवतो. कधी सुरू करायचं, कधी बंद, सगळं त्याच्या हातात. म्हणजे प्रश्न आवाज किती मोठा आहे एवढाच नसतो, तो आवाज आपल्यावर येऊन कोसळतो का आपण तो करतो, हाही असतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी ११ मुलांबद्दल एक लेख लिहिला, ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन म्हणून तो ओळखला जातो. त्यात त्यांनी लिहून ठेवलंय की ही मुलं व्हॅक्यूम क्लीनरला, वाहत्या पाण्याला, अंडं फेटायच्या यंत्राला, कधी नुसत्या वाऱ्यालाही घाबरतात, पण तेवढाच मोठा आवाज स्वतः मात्र मजेत करतात. म्हणजे तुमचाच प्रश्न, मिक्सरऐवजी अंड्याचं यंत्र. आणि इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही, आवाज, स्पर्श, उजेड, वास हे या मुलांना वेगळं जाणवतं हा मुद्दा निदानाच्या अधिकृत निकषांत, म्हणजे डीएसएम या मानसिक निदानाच्या अमेरिकन पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, यायला २०१३ साल उजाडलं. ७० वर्षं. मधल्या काळात किती मुलांना हट्टी म्हणून फटके बसले असतील. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी ऑटिझम किती आहे हे मोजणारी जी आयएसएए चाचणी करतात, ४० मुद्द्यांची, तिच्यात ६ भाग आहेत आणि एक भाग पूर्ण ज्ञानेंद्रियांचाच आहे, तुमची ती झाली असेल तर कागद काढून तो भाग परत वाचा, त्यात तुमच्या मुलाचे मार्क कुठे कुठे वाढलेत ते बघा, मिक्सरचं उत्तर तिथे सापडेल.

मिक्सरसाठी घरी काय करायचं ते लगेच सांगते नाहीतर विसरेन. लावायच्या आधी त्याला सांगा, रोज त्याच शब्दांत, "मिक्सर लावते." मग भांडं दाखवा. त्याला पाहिजे तर दुसऱ्या खोलीत जाऊ दे, अडवू नका. काही दिवसांनी भांडं रिकामं असताना बटण त्याच्या बोटाने दाबून बघा, एक सेकंद, आणि बंदही त्यालाच करू दे. जबरदस्ती नाही, त्याने हात मागे घेतला की विषय संपला. मी किती मुलं बघितलीयत जी आधी पळायची आणि नंतर "मिक्सर मीच लावणार" म्हणून भांडायची. सगळ्यांचं होत नाही तसं, काहींना आवाज खरंच दुखतो, कानात सुई गेल्यासारखा, असं मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं स्वतः सांगतात. त्या मुलांना कानावर लावायचे हेडफोन द्या, ज्याने आवाज कमी होतो तसले, आणि कुणी विचारलं तर चष्म्यासारखंच आहे म्हणून सांगा.

आमच्या सेंटरमधला एक किस्सा सांगते. साधारण ४ वर्षांचा मुलगा, पहिल्या दिवशी खोलीच्या दारातच आडवा पडला, आत यायलाच तयार नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी खेळणी बदलली, गादी बदलली, माणसं बदलली, आईला आत बसवलं, काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी लाईट गेलेली होती आणि तो सरळ चालत आत आला, झोक्यावर जाऊन बसला. मी अवाक. थोड्या वेळाने लाईट आली आणि तो उतरून दारात. तेव्हा मी पहिल्यांदा त्या खोलीत गप्प उभी राहिले आणि वर बघितलं, जुन्या ट्यूबलाईटचा चोक गुणगुणत होता. मी त्या खोलीत कित्येक वर्षं काम करत होते आणि मला तो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता, त्याला तो दारातून ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी ट्यूब काढली. त्या पोराला बोलता येत नव्हतं पण तीन दिवस तो तेच सांगत होता, आणि आम्ही फाईलमध्ये काय लिहिलं होतं तर "सहकार्य करत नाही." त्या दिवसापासून ते वाक्य मी लिहिणं बंद केलं.

हाकेचं आता. बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी, झाली असेलच, नसेल तर आधी कान तपासून घ्या, बिस्किटाचा पुडा ऐकू येतो म्हणजे कान ठीक असं गृहीत धरू नका. कान व्यवस्थित असतील तर मग गोष्ट लक्षाची आहे. आपलं लक्ष चार ठिकाणी थोडं थोडं वाटलेलं असतं, दूध उकळतंय, टीव्ही चालू आहे, दारावर कोण आलं, असं. या मुलांचं लक्ष बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पूर्णच्या पूर्ण जातं. डायना मरे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच्यावर लिहिलं, मोनोट्रॉपिझम म्हणतात त्याला. झाकण फिरतंय, त्याच्या कडेवर उजेड पळतोय, शेवटी शेवटी ते जमिनीला टेकताना आवाज बारीक आणि घाई घाईचा होत जातो, तुम्ही कधी त्याच्या शेजारी पालथं पडून बघितलंय का ते? बघा एकदा. मी बघितलंय, खरंच सुंदर दिसतं. त्यात तो आख्खा बुडालेला असताना "बाळा इकडे बघ" हे शब्द लांबून येतात, आणि नाव तर दिवसातून शंभर वेळा येतं, बहुतेक वेळा नावामागून काहीतरी न आवडणारंच येतं, चल, ऊठ, सोड. बिस्किटाच्या पुड्यामागून बिस्किट येतं. मग मेंदू कशाला मान देणार? समोर जा, त्याच्या उंचीला बसा, झाकण फिरायचं थांबू दे, मग बोला. कमी शब्दात. आणि बोलून झालं की थांबा, मनात दहा आकडे मोजा. हे फार अवघड जातं आयांना, मी रोज बघते, तीन आकड्यांच्या आत दुसरं वाक्य येतंच. ते आलं की त्याला पहिलं वाक्य टाकून देऊन परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

डोळ्यात डोळे घालून बघण्याचा आग्रह करू नका. हे मी अपराधी मनाने सांगतेय कारण सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः हनुवटी धरून मुलांची तोंडं माझ्याकडे वळवलेली आहेत, आम्हाला तसंच शिकवलं होतं. नंतर मोठ्या ऑटिस्टिक माणसांचं ऐकलं, वाचलं, ते सांगतात की एकतर मी तुमच्याकडे बघू शकतो नाहीतर तुमचं ऐकू शकतो, दोन्ही एकदम मागू नका. चेहरा ही फार हलणारी गोष्ट आहे ना, भुवया, ओठ, दात, टिकली, त्यातून शब्दही येतायत. तो जमिनीकडे बघत तुमचं ऐकत असेल तर तो ऐकतोय.

शब्द कसे पोचतात याचं एक उदाहरण तर मला कायम लक्षात राहील. एका मुलाची आई सेशन संपल्यावर सहज म्हणाली, "चला बाई, पोटात कावळे ओरडायला लागले." ६ वर्षांचा तिचा मुलगा, तो उठला, तिच्याजवळ गेला आणि तिच्या पोटाला कान लावून उभा राहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे आला आणि माझ्या पोटालाही कान लावला. आपली मराठी या मुलांसाठी फार अवघड आहे हो, डोकं खाऊ नको, कान उपटीन, जीव टांगणीला लागला, तोंड सांभाळून बोल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "आलेच पाच मिनिटांत". आपल्यासाठी पाच मिनिटं म्हणजे कितीही, त्याच्यासाठी पाच म्हणजे पाच, आणि सहाव्या मिनिटाला त्याचं जग विश्वासघातकी होतं. जे म्हणायचं तेच म्हणा, आणि जमलं तर चित्र दाखवा, घड्याळ दाखवा.

तो बोलतो का ते तुम्ही लिहिलं नाही. बोलत असेल आणि तुमचीच वाक्यं परत म्हणत असेल, म्हणजे तहान लागली की "पाणी पिणार का?" असं, तर ते पोपटपंची म्हणून सोडून देऊ नका. त्याने एवढंच जोडलंय की हे वाक्य आलं की पाणी येतं. त्याच्या दृष्टीने त्याने बरोबर मागितलंय. पाणी द्या आणि त्याच्या बाजूने म्हणा, "मला पाणी पाहिजे."

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण बिस्किटावरून अंदाज येतोय. पारले-जी प्रत्येक वेळी तोच, तोच रंग, तोच कडकपणा, तीच चव. भेंडीची भाजी एक दिवस चिकट, एक दिवस करपलेली, कधी ओलं खोबरं जास्त. आपण त्याला रोजचं जेवण म्हणतो, त्याला तो रोज नवीन पदार्थ असतो. भात-आमटी वेगवेगळ्या वाटीत लागते, एकमेकाला लागलेली चालत नाही, हेही त्यातलंच. भूक लागली की आपोआप खाईल असं म्हणून उपाशी ठेवायचा प्रयोग करू नका, कारण पोटातून येणारे निरोपही, भूक, तहान, शू, ताप, या मुलांना नीट समजत नाहीत पुष्कळदा. आणि याच्यावरून एक महत्त्वाचं: कधी तो अचानक डोकं आपटायला लागला, कानावर मारून घ्यायला लागला, जे आधी करत नव्हता, तर त्याला वागणुकीचा प्रश्न समजून माझ्यासारख्यांकडे आणू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. कान, दात, पोट साफ न होणं, हे बघा. माझ्याकडे एका मुलीला स्वतःला मारून घेते म्हणून आणलं होतं, चार महिने घरचे हैराण. दाढ किडलेली होती. मुलींचं तर अजून वेगळं, गप्प बसतात म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही, निदानच उशिरा होतं.

हात हलवणं, गोल फिरणं, उड्या, हे थांबवू नका जोवर त्यात त्याला किंवा दुसऱ्याला लागत नाही. बाहेरचं सगळं अंगावर येत असताना तेवढी एक गोष्ट त्याच्या ताब्यात असते. पुष्कळ मुलांना दाब आवडतो, घट्ट मिठी, गादीखाली घुसणं, दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसणं. टेम्पल ग्रँडिन म्हणून अमेरिकेतल्या प्राध्यापक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी तरुणपणी गुरांना धरून ठेवायच्या पिंजऱ्यावरून कल्पना घेऊन स्वतःसाठी दाब देणारं एक यंत्रच बनवलं होतं, कारण माणसाची मिठी त्यांना सहन व्हायची नाही पण दाब हवा असायचा. आपल्याकडे यंत्र नको, आजीची गोधडी आहे. जुनी, चार लुगड्यांची, जड. सासूबाईंच्या पेटीत नक्की असेल. ती त्याच्या अंगावर घाला, चेहरा उघडा ठेवून, त्याला पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढा वेळ, आणि बाहेर यायचं तर स्वतः येता आलं पाहिजे. मी तर म्हणेन गोधडी सासूबाईंनाच द्यायला सांगा, नातू त्यांच्या गोधडीत शांत होतोय हे बघितलं की लाडावलाय हा शब्द हळूहळू मागे पडतो, मी तसं होताना बघितलंय. तसंच कणीक मळणं, पाण्याची कळशी उचलून नेणं, गाद्या ओढणं, ही जोर लागणारी कामं त्याला देत जा, अंगाला बरं वाटतं.

आणि तुमच्यासाठी एक. १९५० आणि ६० च्या दशकात मोठमोठे लोक म्हणत होते की आई थंड असते म्हणून मूल असं होतं, "रेफ्रिजरेटर मदर" असा शब्दच होता. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, पुस्तक लिहून ते खोडून काढलं, हे मेंदूच्या जडणघडणीतलं आहे म्हणून दाखवलं. तेव्हा आई थंड म्हणायचे, आता आईने लाडावलं म्हणतात. दोन्ही खोटं. तुम्ही लाडावल्यामुळे काही झालेलं नाही, मोबाईल दाखवल्यामुळे ऑटिझम झालेला नाही, लसीमुळेही नाही. कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, तेवढी शक्ती झोपेसाठी ठेवा.

तो शाळेत जात असेल आणि बाई म्हणत असतील की आमच्याकडे तर शहाण्यासारखा बसतो, घरी आल्यावर मात्र दप्तर फेकून तासभर रडतो, तर त्याचा अर्थ तुम्ही घाबरट आई आहात असा नाही. दिवसभर त्याने धरून ठेवलेलं असतं, जिथे सुरक्षित वाटतं तिथे सुटतं. घरी आल्यावर अर्धा तास प्रश्न नको, आज काय शिकवलं नको, पाणी, खाणं, झाकण, बास.

आता लग्न. मागच्या वेळी हॉलमध्ये काय काय होतं ते आठवा, बँड, स्पीकरवरून नावं पुकारणारे गुरुजी, अत्तर, फुलं, जेवणाचा वास, टोचणारा नवा कुर्ता, व्हिडिओवाल्याचा तो प्रखर लाईट, आणि शंभर माणसं जी न विचारता गाल ओढतात. रडणं त्या सगळ्याचं होतं. असं झालं की त्या क्षणी समजावणं, ओरडणं, लालूच दाखवणं काही पोचत नाही, शब्द म्हणजे अजून एक आवाज. उचलून शांत जागी न्या, गप्प बसा, पाणी जवळ ठेवा, वेळ जाऊ द्या. नंतर तो बहुतेक झोपतो, झोपू द्या.

या वेळी असं करून बघा. हॉल आधी एकदा रिकामा असताना त्याला फिरवून आणा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि रोज एकदा दाखवा, इथे आत्याचं लग्न. कुर्ता नवा असला तर आत्ताच दोनदा धुऊन घरी घालायची सवय करा, आतून जुना बनियन, नाही घातला तर टी-शर्टवर न्या. वधूपक्षाची एक खोली असतेच, तिची किल्ली तुमच्याकडे ठेवा, त्यात गोधडी आणि दोन झाकणं. बँडच्या वेळी त्याला आत नेऊच नका, बाहेर त्याच्या बाबांबरोबर गाडीत बसू दे. हेडफोन आधी घरी घालायला शिकवा, त्या दिवशी पहिल्यांदा नको. नणंदेला आधीच सांगून ठेवा की आम्ही मध्येच उठून गेलो तर वाईट वाटून घेऊ नकोस. आणि अक्षता टाकून झाल्या, त्याचा चेहरा लाल व्हायला लागला किंवा तो झाकणं मागायला लागला, की निघा. जेवण डब्यात बांधून घ्या.